भिंतीपलीकडचा हात

(संस्थेच्या वतीने १ मे रोजी जालना येथे भरलेल्या सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज १ मे. या एका तारखेला आपल्या दारात तीन सण एकत्र येतात. १९६० साली याच दिवशी महाराष्ट्र राज्य स्थापन झाले. १९८१ साली याच दिवशी आपला जालना जिल्हा अस्तित्वात आला. आणि या दोन्हींच्या कितीतरी आधीपासून १ मे हा जगभरच्या कामगारांचा दिवस आहे. पहिल्या दोन गोष्टींसाठी सकाळी झेंडावंदन होते, भाषणे होतात, शाळेतली मुले खाऊ घेऊन घरी जातात. तिसऱ्या गोष्टीचा मात्र आपल्याला बहुधा विसर पडतो. म्हणून आजच्या सभेसाठी आम्ही हाच विषय घेतला. कामगारांची संघटना बांधली म्हणून ज्याचा छळ होतो, त्याच्या पाठीशी कोणी उभे राहावे? त्याच्या गावाने, त्याच्या जातीने, त्याच्या पक्षाने, की साऱ्या जगाने?

हा प्रश्न आम्ही पुस्तकातून उचललेला नाही. तो आमच्या दारात आला होता आणि आम्ही तो परत पाठवला होता, हे आधी कबूल करतो. काही वर्षांपूर्वी आपल्याच वस्तीतला एक तरुण कारखान्यात भट्टीवर कामाला होता. कंत्राटी काम, हातात पगाराची चिठ्ठी नाही, भाजले तर औषध स्वतःच्या खिशातून. त्याने आणि सहा सोबत्यांनी संघटना नोंदवण्यासाठी अर्ज केला. अर्जावर पहिली सही त्याची होती. आठवड्याच्या आत त्याला फाटकावर अडवण्यात आले आणि वर चोरीची तक्रारही झाली. तो आमच्या मासिक बैठकीला आला आणि दाराशी उभा राहून म्हणाला, "दादा, संस्थेनं एक पत्र तरी द्यावं." आम्ही विचारविनिमय केला आणि सांगितले की हा संस्थेचा विषय नाही. त्याच्या बाजूने साक्ष द्यायला पुढे आला तो बिहारकडचा एक भट्टीवाला. त्याला मराठी धड येत नव्हते, आणि साक्ष दिल्यावर त्याचेही काम गेले. आपला माणूस आपल्या दारातून रिकाम्या हाताने गेला आणि हजार मैलांवरून आलेला माणूस त्याचा झाला. ही बोचणी मनात ठेवूनच आम्ही आज बोलत आहोत.

मित्रहो, मुळात १ मे हा दिवस आला कोठून? १८८६ साली १ मे रोजी अमेरिकेतील कामगारांनी आठ तासांच्या दिवसासाठी संप केला. शिकागो शहरात ४ मे रोजी हेमार्केट चौकातील सभेत बॉम्ब पडला. तो कोणी टाकला ते आजतागायत सिद्ध झालेले नाही. तरीही आठ कामगार पुढाऱ्यांना दोषी ठरवण्यात आले. चौघांना ११ नोव्हेंबर १८८७ रोजी फाशी झाली आणि एकाचा आदल्या दिवशी कोठडीतच अंत झाला. उरलेल्या तिघांना १८९३ साली त्या राज्याच्या गव्हर्नरांनी माफी दिली, आणि देताना तो खटलाच न्याय्य नव्हता असे म्हटले. मधल्या काळात १८८९ साली पॅरिसच्या परिषदेत निरनिराळ्या देशांच्या कामगार प्रतिनिधींनी ठरवले की पुढल्या वर्षीपासून १ मे रोजी सर्व देशांत आठ तासांच्या मागणीसाठी निदर्शने करावयाची. म्हणजे हा दिवस जन्मला तोच छळ झालेल्या माणसांची आठवण परक्या देशांनी ठेवली म्हणून. आज आठ तासांनंतर कामगार घड्याळाकडे पाहतो, त्यामागे ही आठवण आहे.

आपल्या देशात तर संघटना बांधणे हाच एके काळी गुन्ह्यासारखा प्रकार होता. मद्रासमध्ये १९१८ साली बी. पी. वाडिया यांच्या पुढाकाराने गिरणी कामगारांची युनियन उभी राहिली. मालक कंपनीने वाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांवर उच्च न्यायालयात दावा लावला. कामगारांना संप करायला सांगितले म्हणजे मालकाशी झालेला करार मोडायला लावला, असा तो आरोप. हे पाहून आपल्या कुलाबा जिल्ह्यातले नारायण मल्हार जोशी यांनी १९२१ साली मध्यवर्ती कायदेमंडळात ठराव आणला की युनियनांना कायद्याचे संरक्षण द्या. त्यातून १९२६ चा ट्रेड युनियन कायदा झाला. सात माणसांनी सह्या केल्या की संघटना नोंदवता येऊ लागली. सात सह्यांची ही सोय अशी मोल देऊन मिळाली आहे.

परंतु कायदा झाला म्हणून छळ थांबला नाही. १९२८ साली मुंबईच्या गिरण्यांत सुमारे दीड लाख कामगारांनी एप्रिल ते ऑक्टोबर असा सहा महिने संप केला. कारण साधे होते. दोन साचे चालवणाऱ्या विणकराने तीन साचे चालवावेत असा मालकांचा आग्रह होता, आणि पगारालाही कात्री लागत होती. या संपातून गिरणी कामगार युनियन, म्हणजे लाल बावटा, उभी राहिली. तिचे अध्यक्ष अर्जुन आत्माराम आळवे हे स्वतः गिरणी कामगार होते.

त्यानंतर २० मार्च १९२९ रोजी सरकारने देशभर धाडी घालून ३१ माणसे पकडली, आणि पुढे त्यांत आणखी एकाची भर पडली. मुंबईतून श्रीपाद अमृत डांगे, सच्चिदानंद घाटे, शांताराम मिरजकर, केशव जोगळेकर, रघुनाथ निंबकर, डॉ. गंगाधर अधिकारी, आळवे, कासले अशी किती नावे सांगावीत! बादशहाचे राज्य उलथून टाकण्याचा कट, असा आरोप होता. खटला भरवला कुठे, तर दूर उत्तरेत मीरतला. मुंबई-कलकत्त्यात भरवला असता तर ज्युरी बसवावी लागली असती, मीरतला ती लागत नव्हती. अटकेपासून निकालापर्यंत जवळजवळ चार वर्षे गेली. वयोवृद्ध पुढारी धुंडिराज ठेंगडी निकाल लागण्यापूर्वीच वारले. जानेवारी १९३३ मध्ये २७ जणांना शिक्षा झाल्या. कलकत्त्याचे मुझफ्फर अहमद यांना जन्मठेप काळ्या पाण्याची, डांगे यांना बारा वर्षे.

आता आजच्या विषयाचा गाभा. या आरोपींत तीन इंग्रज होते. फिलिप स्प्रॅट, बेन ब्रॅडली आणि लेस्टर हचिन्सन. राज्य इंग्रजांचे, न्यायाधीश इंग्रज, आणि आरोपींच्या पिंजऱ्यात आपल्या माणसांच्या खांद्याला खांदा लावून इंग्रजच! त्यांना मायदेशी जाऊन सुखाने राहता आले असते. ब्रॅडली तर यंत्रकामगार होता. त्याने इथल्या कामगाराच्या संघटनेसाठी इथल्या तुरुंगाची भाकर खाल्ली.

इंग्लंडमध्ये या कैद्यांच्या बचावासाठी समिती निघाली. सभा झाल्या, पैसे जमले, पत्रके वाटली गेली. १९२९ च्या मे महिन्यात तिथे सार्वत्रिक निवडणूक होती. स्पेन व्हॅली नावाच्या मतदारसंघात सर जॉन सायमन उभे होते. होय, तेच सायमन, ज्यांच्या कमिशनपुढे बाबासाहेबांनी १९२८ च्या ऑक्टोबरात पुण्यात साक्ष दिली होती. त्यांच्याविरुद्ध तिथल्या कम्युनिस्ट पक्षाने मीरतच्या तुरुंगातील शौकत उस्मानी यांना उमेदवार केले. उस्मानी पडले, हे उघडच होते. मते फारच थोडी पडली. पण त्या गावोगावच्या मतदाराला पहिल्यांदा विचारावे लागले की हा उस्मानी कोण आणि तो तुरुंगात का आहे.

लँकेशायरच्या कापड गावांत तर आणखी नवल घडले. मँचेस्टरकडच्या कामगार पोरांचे एक पथनाट्य पथक होते. १९३२ च्या सुमारास ते गिरण्यांच्या वस्तीत मीरतचे नाटुकले करीत. रंगमंच नाही, पडदा नाही. हातातल्या काठ्या उभ्या-आडव्या धरून तुरुंगाचे गज करायचे आणि त्या गजांआडून कैद्यांची कैफियत मांडायची. आपल्याला हे काही परके वाटणार नाही. आपल्या आंबेडकरी जलशांनी तरी काय केले? भीमराव कर्डकांसारख्या शाहिरांनी ढोलकी घेऊन गावकुसाबाहेरच्या माणसाला बाबासाहेबांचा विचार पोहोचवला, तीच ही रीत. ध्यानात घ्या, लँकेशायरचा विणकर आणि मुंबईचा विणकर हे बाजारात एकमेकांचे प्रतिस्पर्धी होते. मुंबईचे कापड खपले तर तिकडची गिरणी बंद पडायची. पण त्याच वर्षांत लँकेशायरच्या मालकांनीही विणकरावर जादा साचे लादायला घेतले होते. दुखणे एकच आहे हे त्या पोरांना कळले.

फ्रान्सचे थोर लेखक रोमाँ रोलाँ यांनी मीरतच्या कैद्यांसाठी लेखणी उचलली. महात्मा गांधी १९२९ साली कैद्यांना तुरुंगात जाऊन भेटले. गांधींना कम्युनिस्टांची मते मान्य नव्हती, असे असूनही. दुसरीकडे एक कटू गोष्टही सांगायला हवी. जून १९२९ मध्ये इंग्लंडात मजूर पक्षाचे सरकार आले, पण त्या सरकारने खटला मागे घेतला नाही. मंत्र्यांनी जे केले नाही ते साध्या कामगारांनी रस्त्यावर उभे राहून केले. पुढे ऑगस्ट १९३३ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने अपिलात शिक्षा फार मोठ्या प्रमाणात कमी केल्या. मुझफ्फर अहमद यांची जन्मठेप तीन वर्षांवर आली, डांगे यांची बारा वर्षेही तीनवर. न्यायालयाने निकाल कायद्याने दिला हे खरे. पण खटल्याकडे साऱ्या जगाचे लक्ष लागून राहिले होते, हेही तितकेच खरे.

मित्रहो, इथपर्यंत ऐकून कोणाचीही छाती भरून येईल. परंतु आपण बाबासाहेबांची लेकरे आहोत. आपण इथे थांबू शकत नाही. ज्या १९२८ च्या संपासाठी रशियाच्या कापड कामगारांकडून पैसे आले, त्याच मुंबईच्या गिरण्यांत साचेखात्याचे दार अस्पृश्य कामगाराला बंद होते. कारण काय? धोट्यातला दोरा तुटला की तो तोंडाने ओढून घ्यावा लागे, आणि अस्पृश्याचा ओठ लागलेला धोटा सवर्ण कामगाराला चालत नव्हता. साचेखात्यात पगार जास्त. आपला माणूस कमी पगाराच्या खात्यात. समुद्रापलीकडचा कामगार भाऊ झाला होता, शेजारच्या साच्यावरचा झाला नव्हता.

बाबासाहेबांनी संपाच्या पुढाऱ्यांना हाच प्रश्न विचारला. अस्पृश्यांना सर्व खात्यांत काम करण्याचा हक्क मागण्यांत घाला, नाहीतर आमच्या माणसांना संपात राहायला आम्ही का सांगावे? पुढाऱ्यांनी नाइलाजाने ती मागणी घातली. मालकांनी त्यावर पुढाऱ्यांनाच उलट सुनावले, हा अन्याय असेल तर तो आम्ही केलेला नाही! मालकाच्या तोंडून हे ऐकावे लागणे याहून कामगार चळवळीची मानहानी ती कोणती? १९२९ च्या संपाला बाबासाहेबांनी विरोध केला, त्यामागे ही सारी पार्श्वभूमी होती. ते लपवण्याचे कारण नाही.

१९३८ च्या फेब्रुवारीत मनमाडला जी. आय. पी. रेल्वेच्या अस्पृश्य कामगारांची परिषद भरली. आपले जुने लोक मुंबईला जाताना जिथे गाडी बदलत, तेच मनमाड. तिथे बाबासाहेबांनी कामगारांचे दोन शत्रू सांगितले, ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही. अस्पृश्याला स्टेशनवर साधा पोर्टरही करीत नाहीत, कारण पोर्टरकडून स्टेशनमास्तर घरची कामे करून घेतो आणि घरात अस्पृश्य चालत नाही, हे त्यांनी तिथे उघड करून दाखवले.

आणि आता त्याच वर्षाचा नोव्हेंबर महिना पाहा. मुंबई सरकारने औद्योगिक कलहाचे बिल आणले. त्याने अनेक प्रसंगी संप करणे हाच गुन्हा ठरणार होता. बाबासाहेबांनी कायदेमंडळात सांगितले की माणसाला त्याच्या इच्छेविरुद्ध कामाला जुंपणे ही गुलामगिरीच आहे. ७ नोव्हेंबर १९३८ रोजी एक दिवसाचा संप झाला. त्यात स्वतंत्र मजूर पक्षाचे बाबासाहेब होते, आणि त्यांच्याबरोबर कोण? मीरतचे कैदी डांगे, निंबकर, मिरजकर! मतभेद मिटले होते का? नाही. पुढेही ते मिटले नाहीत. परंतु संघटना बांधण्याचा आणि काम नाकारण्याचा हक्क धोक्यात आला तेव्हा बाबासाहेबांनी जुने हिशेब बाजूला ठेवले. महाडच्या सत्याग्रहाच्या उभारणीत पुढे असलेले रामचंद्र बाबाजी मोरे पुढे लाल बावट्यात गेले, तरी बाबासाहेबांशी त्यांचे नाते तुटले नाही, हेही तरुणांनी लक्षात ठेवावे.

१९४२ ते १९४६ बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री होते. नोव्हेंबर १९४३ मध्ये त्यांनी बिल मांडले की मालकाने प्रातिनिधिक युनियनला मान्यता दिलीच पाहिजे. १९४७ साली त्या धर्तीवर कायदा मंजूर झाला, पण तो अमलात कधीच आला नाही. महाराष्ट्राला मान्यतेसाठी स्वतःचा कायदा १९७१ साली करावा लागला. संपूर्ण देशासाठी ही तरतूद संसदेने २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेत घातली. तिथेही एकट्या युनियनला वाटाघाटीचा पूर्ण अधिकार हवा असेल तर ५१ टक्के कामगार पाठीशी असावे लागतात. संघटना करण्याचा हक्क मात्र घटनेच्या कलम १९ मध्ये आपल्या हाती दिलेलाच आहे.

तेव्हा आता प्रश्न उरतो तो आपला. जिनिव्हाच्या आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९४८ आणि १९४९ साली संघटना-स्वातंत्र्याचे दोन करार केले, क्रमांक ८७ आणि ९८. भारताने या दोहोंना अद्याप संमती दिलेली नाही. तरीसुद्धा तिथे १९५१ पासून एक समिती आहे. देशाने करार मान्य केलेला असो वा नसो, युनियन तिच्याकडे तक्रार करू शकते. एकट्यादुकट्या माणसाची तक्रार तिथे चालत नाही, संघटनेची चालते. म्हणूनच पहिली सही करणाऱ्याला मालक एकटा पाडतो. तो एकटा पडला की जगाचे दार बंद झाले.

आपल्या जिल्ह्यात सही करायला धजावणारा माणूस कोण? भट्टीवरचा कंत्राटी मजूर. नाली उपसणारी सफाई कामगार बाई. दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाची उचल घेऊन, लेकरेबाळे गाडीत घालून अंबड-घनसावंगी-मंठ्याकडून कोयता घेऊन निघणारे जोडपे. यांतला कोणी तोंड उघडतो तेव्हा पुढल्या हंगामाची उचल बंद होते. त्याच्यासाठी मीरतसारखी समिती लंडनात निघणार नाही. ती आपल्या विहाराच्या ओट्यावर निघावी लागेल.

म्हणून आम्ही संस्थेपुढे चार साध्या गोष्टी ठेवतो. एक, संस्थेने एक वही घालावी. संघटनेपायी ज्याचे काम गेले त्याचे नाव, तारीख, कागद, साक्षीदार त्या वहीत त्याच आठवड्यात उतरावेत, कारण महिन्यांनी कागद सापडत नाही आणि साक्षीदारही सापडत नाही. दोन, विद्यार्थ्यांनी पत्रे लिहावीत, मराठीतून कामगार अधिकाऱ्याला आणि इंग्रजीतून मुंबई-दिल्लीच्या महासंघांना. तुम्हाला शिकवले ते कशासाठी? तीन, त्या घरातील मुलांची फी आणि दोन महिन्यांचे धान्य संस्थेच्या निधीतून जावे. संप आणि खटला चुलीपाशी मोडतो, हे मालकाला आपल्यापेक्षा चांगले ठाऊक असते. आणि चार, त्याची जात, जिल्हा, पक्ष आणि भाषा विचारू नये. आपण १९२८ साली साचेखात्याबाहेर उभे होतो. बाहेर उभे राहणे काय असते ते आपल्याला ठाऊक आहे. बिहारकडच्या त्या भट्टीवाल्याला आपल्या दाराबाहेर उभे करण्याचा अधिकार आपल्याला नाही.

भगवान बुद्ध एकदा विहारात फिरत असता त्यांना एक आजारी भिक्खू आपल्याच घाणीत पडलेला दिसला. इतर भिक्खू त्याच्याकडे पाहत नव्हते, कारण तो त्यांच्या काही उपयोगी पडला नव्हता. भगवंतांनी आणि आनंदांनी स्वतःच्या हातांनी त्याला धुतले, आणि मग संघाला समजावले की घरदार सोडून आलेल्यांनी एकमेकांची काळजी वाहिली नाही तर ती दुसरे कोण वाहणार? उपयोगी कोण आणि निरुपयोगी कोण हा हिशेब तिथे संपला.

आमच्या बैठकीतून परत गेलेला तो तरुण आज पुण्याकडे मोलमजुरी करतो असे ऐकतो. ते पत्र आता त्याच्या काही कामाचे नाही. पुढचा माणूस दाराशी येईल तेव्हा मात्र कोरा कागद आणि पेन तयार असावे, आणि त्यावर खाली आपल्या सर्वांच्या सह्या असाव्यात, एवढीच या १ मे ची विनंती.

जय भीम. जय भारत.